तीन पेन्सच्या करातून क्रांती कशी उभी राहिली? अमेरिकेच्या तेरा वसाहती, १७६३ ते १७७६

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या वसाहतींमधली माणसं ब्रिटनमधल्या माणसांपेक्षा कितीतरी कमी कर भरत होती, खाऊनपिऊन सुखी होती, तरी बंड त्यांनीच का केलं? कारण आर्थिक होतं की सरकार लोकांच्या संमतीवर चालतं असं मांडणाऱ्या जॉन लॉकसारख्या इंग्रज तत्त्वज्ञांचे विचार?

यातलं एक निवडायला गेलात की उत्तर फसतं. तक्रारी जवळजवळ प्रत्येक वसाहतीत असतात, आणि लॉकचं पुस्तक १६८९ पासून उपलब्ध होतं. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं काही झालं नाही. या प्रकरणात बघायचं ते दोन गोष्टींकडे. एक, लंडनच्या प्रत्येक उत्तरानंतर वसाहतींचा युक्तिवाद एकेक पायरी कसा सरकला. दुसरी, त्या युक्तिवादाला गावोगावी हातपाय कसे फुटले. दुसरीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते क्रांती तिथेच घडली.

सुरुवात पैशापासून. ब्रिटन आणि फ्रान्समधलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये पॅरिसच्या तहाने संपलं. फ्रान्सकडून कॅनडा मिळाला, पण ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते तेरा कोटींच्या घरात गेलं. वर नव्या मुलखासाठी अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं. पंतप्रधान ग्रेनव्हिलचा हिशेब सरळ होता : ज्यांच्यासाठी फौज, त्यांनी खर्चातला वाटा उचलावा. हिशेबात चूक नव्हती. पण फ्रेंचांची भीती संपल्यावर वसाहतींना त्या फौजेची गरजच उरली नव्हती. त्यात ७ ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायला बंदी घातली. ज्या जमिनीसाठी लढलो तिथेच पाय ठेवायचा नाही, ही जमिनीत पैसे गुंतवलेल्या व्हर्जिनियातल्या बड्या लोकांची तक्रार. त्यांत जॉर्ज वॉशिंग्टनही आला.

१७६४ चा साखर कायदा नीट वाचा, कारण इथे ‘कर वाढला म्हणून लोक चिडले’ हे समीकरण कोलमडतं. काकवीवरची जकात या कायद्याने गॅलनला सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली, म्हणजे निम्मी केली! तरी मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं बॉस्टन बंदर खवळलं. कारण १७३३ चा सहा पेन्सचा दर कागदावरच होता. फ्रेंच बेटांवरची काकवी अधिकाऱ्यांचे हात ओले करून आत यायची आणि न्यू इंग्लंडमध्ये तिची रम व्हायची. आता तीन पेन्स खरोखर वसूल होणार होते. शिवाय जकातीचा खटला ज्यूरीपुढे न चालता नौदलविषयक न्यायालयात चालवता येणार होता, आणि असं एक न्यायालय दूर हॅलिफॅक्सला बसवलं होतं. माल जप्त झाला, तर तो जकात चुकवून आणलेला नव्हता हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. त्याच वर्षीच्या चलन कायद्याने वसाहतींच्या कागदी नोटांवर निर्बंध घातले. म्हणजे कर रोकड नाण्यात भरा, आणि नाणं मिळवायची वाट अरुंद करा. असे दोन कायदे एका वर्षात आणणारं सरकार अडचण ओढवून घेतंच.

स्टॅम्प अ‍ॅक्ट २२ मार्च १७६५ ला मंजूर झाला आणि १ नोव्हेंबरपासून लागू होणार होता. आपल्याकडे भाडेकराराला स्टॅम्प पेपर लागतो तशीच ही कल्पना, आणि ब्रिटनमध्ये ती जुनी होती. दर पाहा (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड) : वृत्तपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, प्रत्येक जाहिरातीला दोन शिलिंग, पत्त्यांच्या जोडाला एक शिलिंग, फाशांना दहा शिलिंग, पदवीच्या प्रमाणपत्राला दोन पौंड, वकिलीच्या सनदेला तब्बल दहा पौंड. आता या यादीत भरडलं कोण जातं ते बघा. छापखानेवाले, वकील, व्यापारी, गुत्तेवाले. ज्यांच्या हातात लेखणी, छपाईयंत्र, कोर्टातली जीभ आणि लोक जमायची जागा, नेमके तेच एका कायद्याने दुखावले. राजकारणात याहून मोठा मूर्खपणा शोधून सापडायचा नाही.

कायदा मोडायची रीतही सोपी होती. कागद लंडनहून शिक्के मारून यायचा आणि वसाहतीत तो विकायला एकेक वितरक नेमलेला असायचा. वितरकानेच राजीनामा दिला तर कायदा जागच्या जागी थांबतो. १४ ऑगस्टला बॉस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर या वितरकाचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला, संध्याकाळी जमावाने त्याची नवी इमारत पाडली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पद सोडायचं कबूल केलं. २६ तारखेला लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं घर आतून-बाहेरून उद्ध्वस्त केलं, तेव्हा मात्र निषेध करणारे प्रतिष्ठित व्यापारीही दचकले. ‘सन्स ऑफ लिबर्टी’ या निषेध करणाऱ्यांच्या संघटनेची पुढची बरीच मेहनत जमाव उभा करण्यापेक्षा तो काबूत ठेवण्यात गेली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा जवळपास सगळे वितरक बाजूला झाले होते. थोडाफार कागद विकला गेला तो जॉर्जियात.

आता विचारांकडे. ‘वसाहतींनी लॉक वाचला आणि त्यांना हक्क समजले’ असं लिहू नका. सुरुवातीला ते जे मागत होते ते जुनंच होतं : आम्ही इंग्रज आहोत, आणि इंग्रजावर त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय कर बसत नाही. राजाने पार्लमेंटला न विचारता पैसा गोळा करणं १६८९ च्या हक्कनाम्यानेच बेकायदा ठरवलं होतं. पार्लमेंटने पाठवलेल्या कराला त्यांनी तीच कसोटी लावली. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांच्या ठरावातला सूर हाच.

लंडनचं उत्तर तयार होतं. ग्रेनव्हिलचा सचिव टॉमस व्हेटली म्हणाला, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही खासदार नाही, तरी पार्लमेंट साऱ्या प्रजेचं अप्रत्यक्ष प्रतिनिधित्व करतंच. (त्याच वेळी ओल्ड सेरम या ओसाड टेकडीचे मात्र दोन खासदार होते.) यावर मेरीलँडचा वकील डॅनिएल ड्युलनी याने दिलेलं उत्तर उत्तरपत्रिकेत सहसा दिसत नाही. इंग्लंडमधल्या मतदार नसलेल्या माणसावर खासदाराने कर लादला तर तोच कर त्या खासदारालाही भरावा लागतो, म्हणून दोघांचं हित बांधलेलं आहे. अमेरिकेवर लादलेला कर मात्र खासदाराच्या स्वतःच्या खिशावरचा भार हलका करतो. तिथे प्रतिनिधित्वाचा बंधच उरत नाही. हितसंबंधांचा असा रोखठोक युक्तिवाद सामान्य व्यापाऱ्यालाही पटतो. गंमत म्हणजे ड्युलनी पुढे स्वातंत्र्याच्या बाजूला गेलाच नाही.

मार्च १७६६ मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या दबावाने स्टॅम्प अ‍ॅक्ट मागे घेतला. त्याच दिवशी दुसरा कायदा झाला : वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे. पैसा सोडला आणि तत्त्व धरून ठेवलं. बॉस्टनने दिवाळी साजरी केली, पण हा दुसरा कायदा तसाच पडून राहिला.

१७६७ चे टाऊनशेंड कर (अर्थमंत्री टाऊनशेंडने आणलेले) काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर होते. चहाला पौंडामागे तीन पेन्स. या वेळी पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने रेघ सरकवली : व्यापाराला शिस्त लावायला जकात चालेल, महसुलासाठी नाही. पण खरा घाव खर्चाच्या कलमात आहे. या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. तोवर बहुतेक ठिकाणी गव्हर्नरचा पगार स्थानिक विधिमंडळ मंजूर करायचं. गव्हर्नर ऐकत नसेल तर पगार अडवायचा, हेच त्यांच्या हातातलं शस्त्र. ते गेलं तर विधिमंडळ नावालाच. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांना राजाकडून पगार मिळणार ही बातमी आली, तेव्हा सॅम्युअल अ‍ॅडम्सने बॉस्टनची पत्रव्यवहार समिती उभी केली. तिच्या पत्रकाला शंभराहून जास्त गावांनी ठराव करून उत्तरं पाठवली. पगाराचं हे कलम सुटलं तर १७६७ नंतरचं राजकारण कळतच नाही.

साधारण याच काळात विचारांचं दुसरं अंग कामाला आलं. वसाहतींच्या वृत्तपत्रांत ‘केटोची पत्रं’ नावाचे १७२० च्या दशकातले इंग्रजी लेख वरचेवर छापले जात. सत्ता नेहमी स्वातंत्र्य गिळायला टपलेली असते, आणि तिची लक्षणं ठरलेली : भ्रष्ट मंत्री, पोटभरू अधिकारी, शांततेच्या काळात उभी फौज. ऑक्टोबर १७६८ मध्ये सोळा हजार वस्तीच्या बॉस्टनमध्ये लाल डगलेवाले ब्रिटिश सैनिक उतरले आणि लोकांनी यादीतल्या आणखी एका खुणेवर टिचकी मारली. लंडनमध्ये कोणी गुलामगिरीचा कट शिजवत नव्हतं. तिथे मंत्रिमंडळं बदलत होती आणि प्रत्येक मंत्री मागच्याचं निस्तरत होता. पण दुरून ते सगळं एका सूत्रात बसलेलं दिसलं. ५ मार्च १७७० ला बॉस्टनमध्ये सैनिकांनी केलेल्या गोळीबारात पाच माणसं मेली, त्याच्या तीन दिवस आधी दोरखंडाच्या एका कारखान्यात सैनिक आणि कामगार यांच्यात मारामारी झाली होती. फावल्या वेळात कमी मजुरीवर काम धरणारे सैनिक स्थानिक मजुराच्या पोटावर पाय देत होते. हक्कांची भाषा आणि मजुरीचं भांडण, दोन्ही त्या रस्त्यावर एकत्र आली. ज्या दिवशी हा गोळीबार झाला त्याच दिवशी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने लंडनमध्ये चहा सोडून बाकी कर उठवायचा प्रस्ताव मांडला होता.

चहाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे, म्हणून आधी तो. बॉस्टनच्या पाण्यात गेलेला चहा भारताचा नव्हता, चीनचा होता. आसामचा चहा त्यानंतर साठेक वर्षांनी बाजारात आला. भारताचा संबंध ईस्ट इंडिया कंपनीमार्फत येतो. बंगालमधला १७६९-७० चा दुष्काळ, कंपनीची उधळपट्टी आणि १७७२ चं कर्जसंकट यांमुळे ती बुडायला आली होती आणि गोदामांत लाखो पौंड वजनाचा चहा पडून होता. मे १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर बसवला नाही. उलट ब्रिटनमधली जकात परत देऊन आणि कंपनीला नेमलेल्या अडत्यांमार्फत थेट विक्रीची मुभा देऊन चहा स्वस्त केला. इतका, की तस्करीच्या डच चहाला टक्कर देता यावी. धोका यातच होता. स्वस्त चहा लोक घेतील, तीन पेन्स मुकाट्याने भरतील आणि करामागचं तत्त्व मान्य होऊन बसेल. तस्करांचा धंदा बसणार, मधले व्यापारी उठणार, आणि बॉस्टनच्या अडत्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे! डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या टोपणनावाने लिहिलेल्या पत्रकात या कंपनीने बंगालमध्ये काय केलं ते सांगून, आता ती इकडे वळली आहे, असा इशारा दिला.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून जहाजं परत गेली. बॉस्टनला हचिन्सन अडून बसला. जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त होणार होता, आणि पहिल्या जहाजाची मुदत १७ डिसेंबरला संपत होती. म्हणून १६ च्या रात्री चहा समुद्रात फेकला गेला. तीन जहाजं, ३४२ पेट्या, सुमारे ९२ हजार पौंड वजन, किंमत ९,६५९ पौंड.

१७७४ चे दडपशाहीचे कायदे हे लंडनचं सर्वांत महागात पडलेलं उत्तर. बंदर बंद करण्याने बॉस्टन उपाशी राहणार होतं, आणि बाकी वसाहतींनी धान्य, मेंढ्या पाठवल्या. पण खेड्यातला शेतकरी पेटला तो मॅसॅच्युसेट्स शासन कायद्याने. गावसभा परवानगीशिवाय वर्षातून एकदाच, आणि वरचं मंडळ राजाने नेमलेलं. ज्याला काकवी आणि चहाचं सोयरसुतक नव्हतं त्याच्या दारातली गावसभाच काढून घेतली.

वुस्टर या गावी ६ सप्टेंबर १७७४ ला जे झालं ते पाहण्यासारखं आहे. कोर्टाचं सत्र भरायचा तो दिवस. आसपासच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं आपापल्या तुकड्यांनी आली. त्यांची मोजदाद तेव्हाच कोणी करून ठेवली. त्यांनी कोर्टाच्या दारांना अडसर घातले आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा धरल्या. मग न्यायाधीश, वकील आणि शेरीफ यांना टोपी हातात घेऊन मधून चालायला लावलं. आपण या कायद्याखाली काम करणार नाही, हे प्रत्येक तुकडीला ऐकू जावं म्हणून त्यांना तीस-तीस वेळा वाचून दाखवावं लागलं. एकही गोळी सुटली नाही. बॉस्टन वगळता त्या वसाहतीत राजाची सत्ता अशीच संपली, लेक्सिंग्टनच्या पहिल्या चकमकीच्या सात महिने आधी. ऑक्टोबरात प्रांतिक काँग्रेस बसली आणि गावांना सांगितलं की कराचा पैसा जुन्या खजिनदाराकडे न देता आमच्याकडे भरा. क्रांती कधी झाली असं कोणी विचारलं तर मी १७७४ च्या याच सप्टेंबर-ऑक्टोबरकडे बोट दाखवेन.

बाकी वसाहतींत हे काम काँटिनेंटल असोसिएशनने केलं. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या पहिल्या काँग्रेसने २० ऑक्टोबर १७७४ ला हा करार केला : १ डिसेंबरपासून ब्रिटिश माल आणायचा नाही, आणि तक्रारी मिटल्या नाहीत तर १० सप्टेंबर १७७५ पासून आपला माल तिकडे पाठवायचाही नाही. निर्यातबंदीला वर्षभराची सवलत होती ती व्हर्जिनियाच्या तंबाखूसाठी. ठरावातसुद्धा खिसा सांभाळलेला आहे. अकरावं कलम मात्र कळीचं. प्रत्येक तालुक्यात, शहरात, गावात समिती निवडायची, तिने लोकांच्या वागण्यावर नजर ठेवायची आणि करार मोडणाऱ्याचं नाव छापून त्याच्याशी व्यवहार तोडायचे. डिसेंबर-जानेवारीत आलेला माल मालकाने परत पाठवावा, समितीकडे ठेवावा किंवा विकू द्यावा. विकला तर मूळ किंमत मालकाला आणि नफा बॉस्टनच्या गरिबांना. घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी बंद. दुखवट्याला काळ्या फितीपेक्षा जास्त काही नको.

अशा समित्यांत हजारो माणसं बसली. त्यांतल्या बहुतेकांनी यापूर्वी कधी पद भूषवलं नव्हतं. व्यापाऱ्याच्या वह्या तपासणारा चांभार किंवा शेतकरी हक्कांवरचं भाषण ऐकून बदलला त्यापेक्षा त्या वह्या उघडताना जास्त बदलला असावा. बहिष्कारामुळे राजकारण घरातही शिरलं : सूत कातणं, चहाऐवजी कॉफी, आणि ऑक्टोबर १७७४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एडन्टनच्या ५१ स्त्रियांनी सही करून जाहीर केलेला पाठिंबा. याची काळी बाजूही लिहा. तटस्थ राहायची सोय या समित्यांनी ठेवली नाही. माफीनामे छापून घेतले, कोणाला डांबर फासलं, आणि क्रांती संपेपर्यंत साठेक हजार राजनिष्ठ देश सोडून गेले.

युक्तिवादाची शेवटची पायरी उरली होती. १७७४ पर्यंत जेम्स विल्सन आणि टॉमस जेफरसन हे वसाहतींचे पुढारी इथवर आले होते की पार्लमेंटचा आमच्यावर अधिकारच नाही, आम्हाला बांधणारा धागा फक्त राजा. एप्रिल १७७५ मध्ये रक्त सांडल्यावरही काँग्रेसने जुलैत राजालाच विनंती अर्ज धाडला. राजाने तो हातात घेतला नाही आणि २३ ऑगस्टला वसाहती बंडखोर ठरवल्या. १० जानेवारी १७७६ ला फिलाडेल्फियात दोन शिलिंगांचं ‘कॉमन सेन्स’ निघालं ते या पोकळीत. टॉमस पेन जेमतेम वर्षभरापूर्वी इंग्लंडहून आलेला, अबकारी खात्यातून काढलेला माणूस. त्याने लॅटिन अवतरणं टाळली, बायबलचे दाखले दिले आणि वंशपरंपरेने राजा होणं हाच वेडेपणा आहे असं सांगितलं. नवं काही शोधलं नाही. जे बोलायला लोक कचरत होते ते मोठ्याने बोलला. एप्रिल ते जुलैमध्ये गावं, तालुके आणि वसाहती यांनी नव्वदच्या आसपास स्वातंत्र्याचे ठराव केले. काँग्रेसने २ जुलैला मत दिलं, ४ जुलैला मसुदा स्वीकारला. त्या जाहीरनाम्यातल्या २७ आरोपांत आरोपी राजा आहे, पार्लमेंटचं नावही नाही. भांडण बारा वर्षं पार्लमेंटशी होतं, मग असं का? कारण पार्लमेंटशी नातं नाहीच हे आधी ठरलं होतं. जे होतं तेच तोडायचं होतं.

हे सगळं पडताळायला कॅरिबियनकडे बघा. अमेरिकेच्या बाजूला ब्रिटनच्या वीसहून अधिक वसाहती होत्या, बंड तेरांनी केलं. स्टॅम्प अ‍ॅक्टविरुद्ध सेंट किट्स आणि नेव्हिसमध्येही दंगे झाले. जमैकाच्या विधिमंडळाने डिसेंबर १७७४ मध्ये राजाला अर्ज करून उत्तरेच्या वसाहतींची बाजू घेतली, जवळजवळ त्यांच्याच भाषेत. तक्रार तीच, विचार तेच. तरी जमैका राजाबरोबर राहिला. तिथे एका गोऱ्यामागे दहाच्या आसपास गुलाम होते, १७६० चं टॅकीच्या नेतृत्वाखालचं गुलामांचं बंड लोक विसरले नव्हते, मळेवाल्यांना ब्रिटिश फौज हवी होती आणि साखरेला ब्रिटनची राखीव बाजारपेठ. शेजाऱ्याला बंदूक देऊन रस्त्यावर रांगा धरणं तिथे मळेवाल्याला परवडणारं नव्हतं.

व्हर्जिनियात हीच भीती उलटी फिरली. नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर डनमोरने राजाच्या बाजूने लढणाऱ्या बंडखोरांच्या गुलामांना मुक्तीचं आश्वासन दिलं, आणि कुंपणावरचे मळेवाले क्रांतीकडे आले. पंचवीस लाख लोकांतले पाचेक लाख गुलाम होते. जाहीरनाम्यातली समता त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. जोतीराव फुल्यांवर पेनच्या ‘मानवी हक्क’ या पुस्तकाचा प्रभाव होता, पण १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. १७७६ च्या पुढाऱ्यांना नाही.

उत्तर लिहिताना १७८६ विसरू नका. युद्धाचं कर्ज फेडायला मॅसॅच्युसेट्सने कर रोकड नाण्यात मागितला, शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापायी कोर्टात जाऊ लागल्या, आणि त्यांनी नॉर्थॅम्प्टनचं आणि मग वुस्टरचंही कोर्ट बंद पाडलं. रीत तीच, बारा वर्षांपूर्वीची. या वेळी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांच्यावर फौज पाठवली. आणि राजाविरुद्धचं बंड एकवेळ माफ होईल, पण प्रजासत्ताकाच्या कायद्यांविरुद्ध उठणाऱ्याला देहदंडच हवा, असं म्हणणारा माणूस होता सॅम्युअल अ‍ॅडम्स.